बर्फाचा हंगाम आणि हातावरचे पोट

(द्वितीय वर्ष, कला)

फेब्रुवारी सरत आला, की आपल्या वर्गातले पंखे गरगरू लागतात, फलकावर परीक्षेचे वेळापत्रक झळकते आणि होळीचे वेध लागतात. नेमक्या याच सुमारास युरोपातील आल्प्स पर्वतात स्कीइंगच्या हंगामाचा उत्तरार्ध सुरू होतो. मार्च आणि एप्रिल हे तिकडचे वसंताचे महिने. दिवस मोठा, ऊन लख्ख, खाली दरीत हिरवळ फुटलेली आणि वर डोंगरावर मात्र अजून बर्फ टिकून. पायाला दोन लांब पट्ट्या बांधून त्या बर्फावरून घसरत येण्यासाठी जगभरातून माणसे येतात. हा वसंतातला हंगाम आता आखडत चालला आहे. त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. मला ती दोन्ही पटत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘उसाच्या फडातून कॉलेजात आलेल्या पोराला आल्प्समधल्या बर्फाशी काय देणेघेणे?’ असा प्रश्न काही वाचकमित्र विचारतील. प्रश्न रास्त आहे. मी बर्फ पाहिला तो भूगोलाच्या पुस्तकात, हिंदी सिनेमातल्या गाण्यांत आणि जत्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर! परंतु हंगाम म्हणजे काय, हे मला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. माझे आईवडील ऊसतोडणी कामगार आहेत. दिवाळीच्या आगेमागे ते कोयता घेऊन निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, की परत येतात. आमच्या घरचे वर्षाचे सारे गणित त्या चारपाच महिन्यांवर बसवलेले असते. त्यामुळे भूगोलाच्या तासाला सरांनी ‘हंगामी रोजगार’ शिकवताना आल्प्सचे उदाहरण दिले, तेव्हा वर्गातल्या इतरांपेक्षा मी जरा अधिक कान देऊन ऐकले. पुढे ग्रंथालयात आणि मोबाइलवर जमेल तेवढे वाचत गेलो.

प्रथम या वसंतातल्या बर्फाचे वागणे समजून घेऊ, कारण ते मोठे गमतीचे आहे. हिवाळ्यातला ताजा बर्फ भुसभुशीत, पिठासारखा असतो. वसंतात दिवसा ऊन लागून त्याचा वरचा थर पाघळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असे दिवसामागून दिवस झाले, की बर्फाच्या नाजूक पाकळ्या मोडून त्यांचे साबुदाण्याएवढे गोल दाणे बनतात. इंग्रजीत त्याला मक्याच्या दाण्यावरून ‘कॉर्न स्नो’ म्हणतात, तर जर्मन बोलणारे लोक ‘फिर्न’ म्हणतात. रात्र निरभ्र असली, तर बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतो आणि पहाटे पाटा-वरवंट्यासारखा कठीण होतो. ढगाळ रात्री मात्र ढगांची गोधडी पांघरल्यासारखे होऊन तो नीट गोठतच नाही. सकाळी ऊन चढू लागले, की वरचे बोटभर मऊ होते आणि खालचा थर घट्ट राहतो. स्की खेळणाऱ्याला हवी असते ती हीच घटका. ती आधी पूर्वेकडच्या उतारावर येते, मग दक्षिणेकडच्या आणि सर्वांत शेवटी पश्चिमेकडच्या. जाणकार माणूस सूर्याच्या मागोमाग उतार बदलत जातो. दुपार झाली, की बर्फाचा रबडा होतो, पाणी खोलवर झिरपते, दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओल्या बर्फाचे कडे कोसळण्याचा धोका वाढतो. म्हणून शहाण्याने पहाटे निघावे आणि दुपारच्या आत खाली यावे, असा तिकडचा रिवाज आहे.

हा रिवाज जुना आहे. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल पत्नीच्या क्षयावरील उपचारासाठी स्वित्झर्लंडमधील दावोस येथे राहत होता. मार्च १८९४ मध्ये ब्रँगर नावाच्या दोन स्थानिक भावांना सोबत घेऊन त्याने दावोसहून खिंड ओलांडून स्कीवरून अरोसा गाठले. तेही पहाटेच निघाले होते. या प्रवासावर त्याने ‘स्ट्रँड’ मासिकात लेख लिहिला आणि इंग्रज वाचकांना या खेळाची गोडी लागायला त्याचा हातभार लागला. त्या वेळी डोंगरावर ना पाळणे होते, ना तिकिटे. बर्फ सांगेल तसे वागायचे, एवढाच नियम होता.

आज बर्फाचे ऐकायला फारसे कोणी तयार नाही. आणि बर्फ तर कमी कमी होत चालला आहे. आल्प्समधील नोंदींच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दोन हजार मीटरच्या खाली जमीन बर्फाखाली राहण्याचा काळ गेल्या पन्नास वर्षांत २२ ते ३४ दिवसांनी घटला. हिवाळा उशिरा लागतो आणि वसंतात बर्फ लवकर वितळतो. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात आपले सुमारे ६ टक्के आणि २०२३ मध्ये आणखी ४ टक्के घनफळ गमावले. जर्मनीतील सर्वांत उंच शिखर असलेल्या झुगश्पिट्सेवरील दक्षिणेकडच्या हिमनदीला तर २०२२ मध्ये ‘हिमनदी’ म्हणण्याचेच शास्त्रज्ञांनी बंद केले! स्वित्झर्लंडमधील झेरमाट हे गाव ‘वर्षाचे ३६५ दिवस स्कीइंग’ म्हणून प्रसिद्ध. तिथेही जुलै २०२२ च्या अखेरीस हिमनदीवरचे उन्हाळी स्कीइंग थांबवावे लागले.

आता त्या दोन मतांकडे वळू. पहिले मत यंत्रवाल्यांचे. निसर्ग बर्फ देत नसेल तर आपण तयार करू, असे ते म्हणतात. पाणी आणि हवा यांचा दाबाखाली फवारा मारून यंत्राने बर्फ बनवता येतो. इटलीत सुमारे ९० टक्के, ऑस्ट्रियात सुमारे ७० टक्के आणि स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून अधिक उतारांवर अशी सोय आहे. एप्रिलमध्ये हिरव्या कुरणातून एखादी पांढरी पट्टी खाली उतरलेली दिसते, ती बहुधा ऐन हिवाळ्यात यंत्राने घालून ठेवलेल्या बर्फाची असते. कारण यंत्रालाही थंडी लागते! हवा शून्याच्या दोनेक अंश खाली गेल्याशिवाय त्याचे काही चालत नाही. ग्श्टाड येथे तर २०२३ च्या नववर्षाच्या सुमारास एका उतारासाठी हेलिकॉप्टरने बर्फ वाहून आणला. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार म्हणायचा.

यंत्राचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात युरोपातील २८ देशांमधल्या २२३४ स्की-ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे तापमान २ अंशांनी वाढले, तर यंत्राच्या बर्फाविना त्यांतील ५३ टक्के ठिकाणांना बर्फटंचाईचा अतितीव्र धोका आहे. निम्म्या उतारांवर यंत्रे लावली, तर हे प्रमाण २७ टक्क्यांवर येते. परंतु तापमान ४ अंशांनी वाढले, तर यंत्रे असूनही ७१ टक्के ठिकाणे त्याच धोक्यात राहतात. म्हणजे यंत्र काही वर्षांची सवड देते. त्यासाठी पाणी लागते, वीज लागते आणि भांडवल लागते. उंचावरच्या श्रीमंत गावाला ते परवडते. खालच्या लहान गावाने कर्ज काढून यंत्रे घेतली, तर पुढे बर्फही नाही आणि कर्जही डोक्यावर, अशी गत होण्याची भीती आहे.

दुसरे मत याच्या अगदी उलट. हा श्रीमंतांचा चोचला आहे, बंद पडला तर पडू दे, कोणाचे काय बिघडते, असे म्हणणारे माझ्या वर्गातही आहेत. ऐकायला हे फार बाणेदार वाटते. स्कीइंग महाग आहे, हे खरेच. पण डोंगरावर फक्त घसरणारा माणूसच असतो काय? पाळण्याच्या खुर्चीत त्याला धरून बसवणारा असतो. रात्री अवजड यंत्र फिरवून उतार सपाट करणारा असतो. खानावळीत भांडी घासणारी बाई असते, हॉटेलात चादरी बदलणारी असते. त्यांतले कितीतरी जण परगावाहून, परदेशातून तेवढ्या महिन्यांपुरते आलेले असतात. काही जण तिथलेच डोंगरी शेतकरी असतात. उन्हाळ्यात गाई घेऊन उंचावरच्या कुरणात जायचे आणि हिवाळ्यात पाळण्यावर नोकरी करायची, या दुहेरी उत्पन्नावर त्यांचा प्रपंच चालतो. हंगाम महिनाभर आधी संपला, तर पर्यटक दुसरीकडे जाईल. या माणसांनी कुठे जायचे?

एकदा घरी मी हे सारे सांगत होतो. आमचे अण्णा शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग बर्फ लवकर सरला, की त्या लोकांची उचल फिटत नसंल?” तिकडे मुकादम नाही आणि उचलही नाही, कामगाराला कायद्याचे संरक्षणही आमच्याहून कितीतरी अधिक आहे, हे मी त्यांना सांगितले. तरीही त्यांचा प्रश्न मला एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो. दुष्काळात ऊस कमी असला, की पट्टा लवकर पडतो. मग घेतलेली उचल अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला माणूस आधीच बांधला जातो. काम कमी दिवस चालले, तर त्याचा भार कोणावर पडतो, हे त्यांना अनुभवाने कळते. आल्प्सच्या बाबतीत बर्फ किती मीटर उरला, याची मोजणी चोख होते. पण त्यापायी कोणाचे किती दिवस बुडाले, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हंगाम ओढूनताणून लांबवण्यावर जो पैसा आणि जी बुद्धी खर्च होते, ती हंगामावर जगणाऱ्या माणसाची पर्यायी सोय लावण्यावर खर्च व्हावी. हे स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून दोन उदाहरणे देतो. फ्रान्सच्या दक्षिण आल्प्समध्ये सेन-लेझाल्प नावाचे गाव आहे. त्याच्या मालकीचे ग्रां-प्वी हे छोटे स्की-ठिकाण तोट्यात चालले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गावकऱ्यांचे मतदान घेण्यात आले आणि सुमारे ७१ टक्के मते ते बंद करण्याच्या बाजूने पडली. आपल्या ग्रामसभेसारखाच हा प्रकार. स्वतःच्या डोंगराचा हिशेब गावाने स्वतः केला. दुसरे उदाहरण आल्प्सशेजारच्या जुरा डोंगररांगेतील मेताबिएफचे. तिथल्या कारभाऱ्यांनी २०३० ते २०३५ च्या दरम्यान उतारावरचे स्कीइंग संपेल, असे गृहीत धरूनच नियोजन केले. नवे महागडे पाळणे उभारायचे नाहीत, आहेत तेच नीट राखून तेवढी वर्षे काढायची आणि दरम्यान बारमाही पर्यटनाची घडी बसवायची, असे त्यांचे धोरण. पट्टा पडण्याची तारीख दहा वर्षे आधी कळली, तर माणूस दुसरे काम शिकू शकतो, मुलाबाळांची काही व्यवस्था लावू शकतो. ती एके दिवशी अचानक कळली, तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघण्याखेरीज हाती काही उरत नाही.

शिवाय बर्फ काही खेळापुरता नसतो. ऱ्हाइन, ऱ्होन, पो या नद्या आल्प्समध्ये उगम पावतात आणि वसंतात वितळणारे बर्फ त्यांना पाणी पुरवते. २०२१-२२ च्या हिवाळ्यात इटलीकडच्या आल्प्सवर बर्फ फार कमी पडला. पुढे पाऊसही रुसला आणि पो नदीच्या खोऱ्यात इतका दुष्काळ पडला, की जुलै २०२२ मध्ये सरकारला उत्तरेकडील पाच प्रदेशांत आणीबाणीची स्थिती जाहीर करावी लागली. डोंगरावरचा पर्यटक आणि सपाटीवरचा भातशेतकरी दोघेही त्याच बर्फाची वाट पाहत असतात. हे ध्यानात घेतले, तर ‘श्रीमंतांचा चोचला’ म्हणून विषय झटकून टाकता येत नाही.

हल्ली आपल्याकडची पुष्कळ मंडळी सहलीला स्वित्झर्लंडला जातात आणि बर्फात उभे राहून काढलेली छायाचित्रे पाठवतात. त्यांनी अवश्य जावे, मौज करावी. पाळण्यातून उतरताना त्यांनी तिथल्या खुर्ची धरणाऱ्या माणसाला एवढे मात्र विचारावे, की बाबा, तुझे काम यंदा किती दिवस चालले आणि ते संपल्यावर तू काय करतोस? त्याचे उत्तर कोणी आणून दिले, तर आमच्या अण्णांना ते ऐकायला आवडेल.