धूर नको, इंधन हवं!

उल्हासनगर कॅम्प ५ च्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली की आपण नाक दाबतो आणि महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. पण कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन हा फुकट चाललेला कच्चा माल आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं?

मिथेनपासून मिथेनॉल बनतं. मोठ्या प्लांटमध्ये निकेल कॅटॅलिस्टवर, ८०० अंशांच्या आसपास, वाफेबरोबर त्याचा सिनगॅस करतात आणि मग कॉपर-झिंक ऑक्साइडवर मिथेनॉल. डम्पिंगच्या थोड्याशा गॅससाठी एवढा पसारा परवडत नाही. मेटल ऑक्साइडने आपल्यातलाच ऑक्सिजन देऊन हे एका स्टेपमध्ये करावं, यावर संशोधन चालू आहे. घोडं अडतं ते इथे: तयार झालेलं मिथेनॉल मिथेनपेक्षा लवकर जळतं आणि हाती उरतो कार्बन डायऑक्साइड!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कॅटॅलिस्टची वाट बघत कचऱ्याचे डोंगर वाढवू नका. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही शहरांनी ओला कचरा वेगळा करून बंद टाकीत बायोगॅस करावा, तो आजच वापरावा. उघड्या ढिगातला गॅस कुठलाच कॅटॅलिस्ट पकडू शकत नाही. आणि आपण? फायनल इयरला रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढून दाखवूया. कॅटॅलिस्टचा पहिला शत्रू तोच आहे!