टाकी भरली, पण पाणी राखले का?

'ड्वार्फ फोर्ट्रेस' नावाचा एक संगणकीय खेळ आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांनी तो 2006 मध्ये लोकांसाठी खुला केला. डोंगर पोखरून बुटक्यांचा किल्ला वसवायचा, असा हा खेळ. त्यातले बुटके एरवी दारूवरच भागवतात. पाणी लागते ते मुख्यतः जखमींना. पण डबक्यातले साचलेले पाणी वापरले तर जखम चिघळते, नदीचा पाट थेट विहिरीपर्यंत आणला तर जलचर आत शिरतात, आणि झडप बसवायला विसरले तर पाणी दाबाने चढत जाऊन अख्खी वस्ती बुडवते. नवखा खेळाडू पाणी मिळवायच्या मागे लागतो, मुरलेला आधी ते राखायची सोय बघतो. जळगाव-धुळ्यातली पाण्याची चर्चा अजून नवख्याच्या वळणाने चालते. कोणते धरण, किती किलोमीटरची जलवाहिनी, यापुढे ती फारशी जात नाही.

पाणी राखण्याची अक्कल खान्देशाला बाहेरून आणावी लागणार नाही. धुळ्याच्या वेशीवरच्या लळिंग किल्ल्यावर कातळात कोरलेली टाकी आजही दिसतात. जुन्या खान्देशाची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपुरात 1615 च्या सुमारास, मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानानच्या काळात, कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आले. वाटेत शंभराहून अधिक कुंड्या. पाणी उघड्यावर नसल्याने त्यात विष कालवणे अवघड, आणि कुंडीतून आत उतरता येत असल्याने देखभालही शक्य. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तर गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगते आणि एका झऱ्यावर विसंबू नका म्हणते, कारण तोफांच्या दणक्याने झरा आटू शकतो. जादा टाकी खोदा आणि त्यातले पाणी उगाच खर्चू नका, अशीही त्यात ताकीद आहे.

आज धुळ्याला तापी, नकाणे तलाव आणि अक्कलपाड्याचा आधार आहे, जळगावला वाघूर धरणाचा. तरी नळ काही दिवसांआड येतो. मधल्या काळात वाहिनी रिकामी पडते, दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यांतून शेजारच्या गटारीचे पाणी आत ओढले जाते. शुद्धीकरण केंद्रात केलेले काम असे वाटेतच वाया जाते. मग जो तो आपापल्या घराचा किल्लेदार होतो. गच्चीवर टाकी, अंगणात हौद, मोरीत ड्रम. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याला असेच स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. पण पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या बाईने ड्रम ओतून द्यावा तरी कसा?

नळ रोज आणि दाबाने यावा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. पाणीच कमी, तिथे रोजचा नळ कुठून आणणार? पण तुटक पुरवठा पाणी वाचवतो हे गृहीतच कच्चे आहे. नळ आला की घराघरांतले 'शिळे' पाणी मोरीत जाते, आणि तोट्या नसलेले नळ टाकी भरल्यावरही वाहत राहतात. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले. गाव लहान, म्हणून तिथे जमले हे मान्य. त्यामुळेच इथे अख्खे शहर एकदम हाती न घेता एकेका जलकुंभाखालचा भाग घ्यावा. मीटरने गरिबाला पाणी महाग होईल, हा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वापराच्या पहिल्या टप्प्याचा दर अगदी कमी ठेवणे हे त्याचे उत्तर. शिवाय आजची पद्धत गरिबाला फुकट पडते असेही नाही. मोठी टाकी बांधायला ज्याच्याकडे जागा नाही, तोच टँकर आणि जारवर पैसे घालतो. महापालिका धरणातला साठा जाहीर करतात. त्याच्या शेजारी प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळावर किती दाब होता आणि किती क्लोरीन शिल्लक होते, हेही दर आठवड्याला छापून यायला हवे.