पाय ओढणे आणि लेग पुलिंग

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतला एक मुलगा घरी आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकून बी.कॉम. झालेला, सहा महिन्यांपूर्वी एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात लागलेला. त्यांच्या घरातली ही पहिली महिन्याच्या पगाराची नोकरी. चेहरा उतरलेला होता. खिशातून घडी केलेला कागद काढून म्हणाला, "काका, एवढे इंग्रजी तपासून द्या." उघडून पाहतो तर राजीनामा!

विचारले, झाले काय? तर शुक्रवारी साहेबांनी सर्वांदेखत सांगितले की तुला कायम करण्याचे रद्द झाले. याचे तोंड पडले तसे सगळे हसू लागले आणि साहेब म्हणाले, "आय वॉज ओन्ली पुलिंग युवर लेग." पोराने वाक्य लक्षात ठेवले, रात्री एकेक शब्द लावून पाहिला. पुलिंग म्हणजे ओढणे, लेग म्हणजे पाय. "काका, मी तुझे पाय ओढत होतो असे साहेबांनी तोंडावर कबूल केले. आता तिथे राहून काय उपयोग?"

हसावे की रडावे तेच मला कळेना. आपल्या मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीत मात्र पाय ओढणे म्हणजे नुसती थट्टा करणे. आपली कॉलेजातली मुले "माझी खेचतोस काय रे?" असे म्हणतात, त्याचा तो सख्खा भाऊ. शब्द तेच, पण एका भाषेत ते दुष्मनी सांगतात आणि दुसऱ्या भाषेत गंमत. शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना या मुलाचे हसू येईल. पण ज्याने हा प्रयोग कधी कानाने ऐकलाच नाही, त्याने शब्दांचा अर्थ लावला यात त्याची चूक ती काय? (आणि ज्याच्या पगारावर घर चालते त्याच्याशी नोकरीवरून थट्टा करणे ही कोणत्याही भाषेत गंमत नव्हे, हे त्या साहेबांनाही कोणी सांगायला हवे.)

माझी स्वतःची इंग्रजीशी ओळख पाचवीत झाली. आमच्या वेळी सरकारी शाळांत इंग्रजी पाचवीपासूनच असे. राज्यात ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली. पुढे टायपिंगच्या क्लासात "द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग" हे वाक्य इतक्या वेळा बडवले की तो कोल्हा आणि ते आळशी कुत्रे स्वप्नात येई. त्या वाक्यात इंग्रजीची सव्वीसच्या सव्वीस अक्षरे आहेत म्हणून ते देतात, हे कळले तेव्हा मला एकदम मौज वाटली. इंग्रजी हा नुसता परीक्षेचा विषय नाही, ती माणसे आपल्या भाषेशी खेळतातसुद्धा, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. हात धुण्याचेच पाहा. इंग्रजीत एखाद्या गोष्टीतून "वॉश युवर हँड्स" केले म्हणजे त्यातून अंग काढून घेतले, आता माझा संबंध नाही. आपल्याकडे हात धुवून घेतले म्हणजे संधी साधून आपलाही फायदा करून घेतला. आणि हात धुवून मागे लागला म्हणजे तर पिच्छाच सोडत नाही! इंग्रज हात धुवून निघून जातो, आपण हात धुवून मागे लागतो. एखाद्या चौकशीच्या कागदात हा घोळ झाला तर केवढ्याला पडेल, याची कल्पना नोकरदार वाचकांना यावी.

उलट काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच गावच्या वाटतात. मगरीचे अश्रू इकडेही खोटे, तिकडेही खोटेच. ऐनवेळी कच खाणाऱ्याचे पाय इंग्रजीत "कोल्ड" होतात. आपल्याकडे भीतीने हातपाय गार पडतात. पाठांतराचे मात्र वेगळे. इंग्रज "लर्न बाय हार्ट" म्हणतो, म्हणजे पाठ केलेले तो हृदयात ठेवतो. आपण तोंडपाठ म्हणतो, आपले सगळे तोंडात. आमच्या परीक्षांचे निकाल पाहता आपलाच शब्द खरा म्हणायचा!

मुले विचारतात, पाऊस मांजरे आणि कुत्री कशी पाडेल? "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" हा काय वेडेपणा? मी म्हणतो, बाळांनो, आपण मुसळधार म्हणतो तेव्हा आभाळातून मुसळे पडतात काय? नाकाने कांदे सोलणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे? हे शब्दशः इंग्रजीत सांगा, ऐकणाऱ्या गोऱ्या माणसाची काय अवस्था होते पाहा. आपल्या भाषेतले विचित्र आपल्याला दिसत नाही, इतकेच. हे एकदा मुलांना पटले की त्यांची इंग्रजीची निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे. एक तास मी फक्त याच खेळाला देतो: मराठी म्हणीचे शब्दशः इंग्रजी करायचे आणि पोटभर हसायचे.

वाणिज्य शाखेच्या मुलांना तर अशा प्रयोगांची खाणच आहे. पूर्वी हिशेबाच्या वहीत तोटा तांबड्या शाईने दाखवीत, म्हणून आजही तोट्यातली कंपनी "इन द रेड" आणि नफ्यातली "इन द ब्लॅक". "कुकिंग द बुक्स" म्हणजे वह्या शिजवणे, अर्थात खोटे हिशेब लिहिणे. "स्लीपिंग पार्टनर" म्हटले की वर्गात मागच्या बाकावर हशा पिकतो. पण भांडवल घालून कारभारात लक्ष न घालणारा भागीदार, इतकाच त्याचा अर्थ. कचेरीतल्या आम्हा मंडळींचा तर "रेड टेप". विलायतेत सरकारी कागद खरोखरच तांबड्या फितीने बांधीत. ती फीत आपल्याकडे आली, लालफीत म्हणून मराठीतही रुळली. आता कागद संगणकावर गेले, फीत काही सुटली नाही.

आणखी एक सांगतो. आपण कचेऱ्यांत अजून "प्लीज डू द नीडफुल" लिहितो. एके काळी इंग्रजही तसे लिहीत. त्यांनी ते केव्हाच टाकून दिले, आपण सांभाळून ठेवले. "पोस्टपोन"च्या उलट आपण "प्रीपोन" रुळवला, आणि तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही घेतला. देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. आपला मुंगूस इंग्रजीत जाऊन "मंगूस" झाला. मात्र "गूस"चे अनेकवचन "गीस" होते म्हणून "मंगूस"चे "मंगीस" करू नका, ते "मंगूसेस"च. पाहुणा आपल्या घरचा आहे, त्याला त्यांच्या बदकांचे नियम लागू नाहीत.

आता थोडा इशारा. गाइडमधल्या वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून त्या अर्जात कोंबणारी मुले मी पाहिली आहेत. "किक द बकेट" म्हणजे मरणे, असे गाइडात असते. खरे आहे. पण आजोबा गेल्याच्या रजेच्या अर्जात ते लिहिले तर "आजोबा गचकले, रजा मिळावी" असे होईल! मराठीत हे आपल्याला शिकवावे लागत नाही. आपल्या घरात माणूस गेला की पत्रिकेवर आपण 'कालकथित' छापतो, शेजारी 'कैलासवासी' छापतात, वर्तमानपत्रवाले 'निधन' लिहितात, आणि गचकला हे फक्त कट्ट्यावर बोलले जाते. इंग्रजीतही असेच कट्टे आणि पत्रिका आहेत. म्हणून मी मुलांना म्हणतो, प्रयोग ऐकला की वहीत चार गोष्टी लिहा: वाक्य काय होते, कोण बोलले, कोणाला बोलले, आणि त्या वेळी ऐकणारा हसला की गप्प झाला. आधी नुसते समजू द्या. पाच-सहा वेळा कानावरून गेल्यावर मग बोला. तोवर साधे, सरळ, बरोबर वाक्य बोलणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. कोणी लेखलेच, तर दोष बोलणाऱ्याचा नव्हे.

राहिली त्या मुलाची गोष्ट. राजीनाम्याचा कागद मी उलटा केला आणि पाठीमागे त्यालाच लिहायला लावले: लेग पुलिंग, अर्थ, कोण बोलले, कोणाला. चौथ्या रकान्यात त्याने लिहिले, "ऐकणारा दोन रात्री झोपला नाही." सोमवारी तो कामावर गेला. परवा संध्याकाळी भेटला तेव्हा म्हणाला, "काका, साहेबांना सांगितले, सर, माझ्या नोकरीवरून लेग पुलिंग नको." मी विचारले, इंग्रजीत सांगितलेस की मराठीत? म्हणाला, "आधी इंग्रजीत. त्यांना नीट कळले नाही असे वाटले, म्हणून मग मराठीत."