विलीनीकरणामागील जाळे

एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा भागांची किंमत, कारखान्यांची संख्या आणि उलाढालीचे आकडे यांचीच चर्चा होते. व्यवहार ठरविणारी माणसे त्यापूर्वी कोणकोणत्या संचालक मंडळांवर एकत्र बसत होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः तो प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत १९१२-१३ मध्ये पुजो समितीने तो विचारला. मॉर्गन पेढी व तिच्या निकटच्या काही बँका यांच्या माणसांकडे ११२ कंपन्यांतील ३४१ संचालकपदे असल्याचे तिने दाखवून दिले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांत एकच संचालक असण्यावर १९१४ च्या क्लेटन कायद्याने निर्बंध आले.

समाजशास्त्रज्ञांनी पुढे या दृष्टीला गणिताची जोड दिली. प्रत्येक कंपनी हा एक बिंदू आणि सामाईक संचालक ही दोन बिंदूंना जोडणारी रेषा. पॅमेला हॉनशिल्ड यांच्या १९९३ च्या अभ्यासात असे आढळले की, ज्या कंपनीचे अधिकारी अन्य कंपन्यांच्या मंडळांवर बसून तेथील खरेदीव्यवहार पाहत, ती कंपनीही तशा व्यवहारांकडे अधिक वळे. म्हणजे विलीनीकरण हा निव्वळ हिशेबाचा निष्कर्ष नसतो. त्यात अनुकरणाचाही वाटा असतो. अर्थात रेषा दिसली म्हणजे कारस्थान सिद्ध झाले, असे नव्हे. परंतु चौकशी कोठून सुरू करावी, हे तिच्यावरून कळते.

आपल्याकडे आर. के. हजारी यांनी १९६० च्या दशकातच उद्योगसमूहांच्या मालकीचा गुंता उलगडण्याचा प्रयत्न केला होता. आजचा कायदा मात्र प्रामुख्याने मोजदाद करतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एका व्यक्तीस २० कंपन्यांचे संचालक होता येते, त्यांपैकी सार्वजनिक कंपन्या १० पर्यंत. पण मोक्याच्या तीन मंडळांवरील माणूस किरकोळ वीस मंडळांवरील माणसापेक्षा प्रभावी असू शकतो, हे या गणतीत दिसत नाही.

प्रत्येक संचालकाला सरकारने ओळख क्रमांक दिलेला आहे. तेव्हा साधनसामग्री नाही, ही सबब चालणार नाही. ही माहिती विद्यापीठांना एकत्रित स्वरूपात विनाशुल्क मिळावी आणि मोठ्या विलीनीकरणास संमती देण्यापूर्वी स्पर्धा आयोगाने असे जाळे रेखाटून ते प्रसिद्ध करावे. विलीनीकरणानंतर बदली वा कपात वाट्यास येते ती कारकुनाच्या आणि कामगाराच्या. निर्णय कोणाच्या बैठकीत शिजला, हे जाणण्याचा त्यांना निश्चितच अधिकार आहे.