कचऱ्याचे ढीग आणि स्वयंपाकिणींचा पगार

२०२५ च्या वसंत ऋतूत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराची छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग, फाटलेल्या पिशव्यांतून बाहेर आलेले खरकटे आणि त्यावर धावणारे उंदीर. ती पाहून आपल्याकडे काहीजणांना गंमत वाटली. साहेबाच्या देशातही घाण असते तर! आम्हाला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. कारण तो ढीग नुसत्या कचऱ्याचा नव्हता. त्याच्या तळाशी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या, फरशा पुसणाऱ्या आणि म्हाताऱ्या-आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांचा बुडवलेला पगार होता. हातावर पोट असणाऱ्या प्रत्येक घराने ही हकिकत समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

बर्मिंगहॅम हे लंडनखालोखाल मोठे शहर. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती सुमारे साडेअकरा लाख, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लोक गोऱ्यांखेरीज इतर समाजांचे. पाकिस्तानी, भारतीय, बांगलादेशी आणि कॅरिबियन बेटांवरून गेलेली माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. पंजाबातून गेलेले, बाबासाहेबांना मानणारे बौद्ध बांधवही या शहरात आणि शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये आहेत. कारखान्यांत आणि ओतशाळांत राबायला गेलेल्या या माणसांनी वर्षानुवर्षे मजूर पक्षाला मते दिली. नावातच मजूर, म्हणजे तो आपला, असा साधा हिशोब होता.

आता पगाराची गोष्ट. तिथल्या महापालिकेत कामांच्या श्रेणी ठरलेल्या होत्या. शाळेत जेवण रांधणारी बाई, साफसफाई करणारी बाई, घरोघर जाऊन वृद्धांना आंघोळ घालणारी बाई यांची श्रेणी आणि कचरा उचलणारा, रस्ता झाडणारा, कबर खणणारा पुरुष यांची श्रेणी कागदावर सारखीच होती. पण पुरुषांच्या कामाला बोनस होता, बायकांच्या कामाला नव्हता. त्यामुळे कागदावर समान असणारी दोन माणसे पगाराच्या दिवशी समान राहत नसत. समान वेतनाचा कायदा ब्रिटनमध्ये १९७० साली झाला आणि १९७५ च्या अखेरीस लागू झाला. म्हणजे हा सारा प्रकार कायदा असतानाच चालू होता!

बायकांनी दाद मागितली. २०१० साली कामगार न्यायाधिकरणाने सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. पण ज्यांनी नोकरी सोडून सहा महिन्यांहून जास्त काळ झाला होता त्यांना न्यायाधिकरणाचे दार बंद होते. अशा सुमारे १७० माजी कर्मचाऱ्यांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यांत बहुतेक बायकाच होत्या. मुदत टळली, तुमचे काही चालणार नाही, असे महापालिका सांगत राहिली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल लागला तो बायकांच्या बाजूने. दिवाणी न्यायालयात सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो, असे न्यायालयाने सांगितले. झाडू आणि पळी हातात घेतलेल्या बायकांनी सगळ्या देशासाठी दार उघडून दिले.

वाचक विचारतील, हे कोणत्या पक्षाच्या राज्यात घडले? उत्तर ऐका. २००४ ते २०१२ या काळात महापालिकेत हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाची युती होती. बायकांशी कोर्टात भांडण्यात तिची वर्षे गेली. २०१२ साली सत्ता मजूर पक्षाकडे आली. थकबाकी देण्यासाठी २०१५ साली शहराचे मोठे प्रदर्शन केंद्र चालवणारी कंपनी ३० कोटी ७० लाख पौंडांना विकली गेली. केंद्रात २०१० पासून हुजूर पक्षाचे वर्चस्व असलेली सरकारे होती. त्यांनी महापालिकांच्या अनुदानाला कात्री लावली. पक्ष वेगळे, रंग वेगळे, पण बाईचा पगार वेळेवर आणि पुरता द्यावा हे कोणाच्याच यादीत पहिले नव्हते.

पुढे २०१७ चा संप आला. कचरागाड्यांवरच्या मुकादमांच्या जागा रद्द करण्याचे ठरले, म्हणून युनाईट या संघटनेने काम बंद केले. उन्हाळाभर कचरा साचला आणि सप्टेंबरमध्ये महापालिकेचे नेते जॉन क्लॅन्सी यांना पद सोडावे लागले. शेवटी तडजोड झाली. गाडीच्या मागे राहून सुरक्षितता आणि नोंदी पाहणाऱ्या कामगाराची एक नवी जागा तयार झाली. पण कचरा विभागात जुनी रीतही चालू राहिली. ठरलेली फेरी लवकर आटोपली की घरी जायचे, पगार पूर्ण दिवसाचा. स्वयंपाकघरातल्या बाईला ही मुभा कधीच नव्हती. भांडी लवकर घासून झाली म्हणून तिला कोण घरी सोडणार? त्यातून समान वेतनाचे नवे दावे उभे राहिले.

जून २०२३ मध्ये महापालिकेने सांगितले की आजवर १ अब्ज १० कोटी पौंड देऊन झाले आहेत आणि अजून ६५ ते ७६ कोटी पौंडांचे देणे निघू शकते. ५ सप्टेंबर २०२३ रोजी तिने अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद करण्याची कायदेशीर नोटीस काढली. आपल्या भाषेत सांगायचे तर दिवाळे निघाल्याची दवंडी पिटली! त्या देण्याचा आकडा फुगवलेला होता, असे म्हणणारे जाणकारही पुढे निघाले. शिवाय हिशोबासाठी आणलेल्या नव्या संगणक यंत्रणेचा खर्च सुरुवातीला १ कोटी ९० लाख पौंड धरला होता, तो दहा कोटींच्या घरात गेला. आणि ती यंत्रणा धड हिशोबही देईना!

केंद्र सरकारने प्रशासक बसवले. मार्च २०२४ च्या अंदाजपत्रकात दोन वर्षांत सुमारे ३० कोटी पौंडांची काटछाट ठरली. घरपट्टीसारखा जो कर तिथे असतो तो एका वर्षी १० टक्के आणि पुढच्या वर्षी साडेसात टक्के वाढवण्यात आला. वाचनालये, तरुण मुलांच्या सोयी, कला संस्थांची अनुदाने यांच्यावर कुऱ्हाड आली. रस्त्यावरचे दिवेसुद्धा मंद करण्याचे ठरले.

आणि मग लोक बोलू लागले, "त्या बायकांच्या पगारापायी शहर बुडाले." बंधू-भगिनींनो, हे वाक्य नीट ऐका. सावकाराने तुमचे पैसे वीस वर्षे वापरले आणि परत मागितल्यावर "तुझ्यामुळे माझे दुकान बुडाले" असे म्हटले, तर तुम्ही त्याची कीव कराल का? ते पैसे बायकांच्या घामाचे होते. कोणी दान मागत नव्हते. वेळच्या वेळी दिले असते तर रक्कम लहान राहिली असती. दर वर्षी पुढे ढकलल्याने ती वाढली. शहर बायकांनी नव्हे, हिशोब लपवणाऱ्यांनी बुडवले. २०२४ च्या अखेरीस महापालिकेने जीएमबी आणि युनिसन या संघटनांशी सुमारे सहा हजार दाव्यांबाबत समझोता केला. तोवर कितीतरी बायकांची नोकरीची वर्षे संपून गेली होती.

आता त्या ढिगांकडे येऊ. २०१७ नंतर तयार झालेली ती गाडीमागची जागा महापालिकेने रद्द केली. युनाईट संघटना म्हणाली, काही कामगारांचे वर्षाला ८ हजार पौंडांपर्यंत नुकसान होईल. महापालिका म्हणाली, इतके नुकसान कोणाचे नाही, आणि दुसरी कामे देऊ केली आहेत. जानेवारी २०२५ पासून अधूनमधून आणि ११ मार्चपासून बेमुदत संप सुरू झाला. ३१ मार्चला महापालिकेने आणीबाणीची घोषणा केली, तेव्हा सुमारे १७ हजार टन कचरा रस्त्यावर पडून होता. जुलैमध्ये बोलणी फिसकटली. यापेक्षा जास्त दिले तर समान वेतनाचे नवे दावे उभे राहतील, असे महापालिकेचे म्हणणे. म्हणजे बायकांना न्याय देणारा कायदा आता पुरुष कामगाराचा पगार कापण्याचे कारण म्हणून पुढे आला!

त्याच महिन्यात युनाईटच्या परिषदेने मजूर पक्षाशी असलेले नाते तपासून पाहण्याचा ठराव केला. ज्या पक्षाला ही संघटना वर्षानुवर्षे पैसा देत आली, त्याच पक्षाची महापालिका तिच्या माणसांसमोर उभी होती. २०२५ चे वर्ष संपले तरी तोडगा निघाला नव्हता.

हाल कोणाचे झाले? ज्यांच्याकडे मोटार होती त्यांनी पिशव्या भरून कचरा केंद्रावर नेऊन टाकल्या. स्पार्कहिल, स्मॉल हीथ, बाल्सॉल हीथ अशा दाट वस्त्यांत, जिथे घरे लहान, माणसे जास्त आणि दारात मोटार नाही, तिथे ढीग वाढत गेले. ज्या घरात नवरा कचरागाडीवर आणि बायको शाळेच्या स्वयंपाकघरात असेल, त्या घराने काय करावे? तिची थकबाकी मिळावी की त्याचा पगार वाचावा, असा प्रश्न एका चुलीपुढे उभा करणे हाच मोठा अन्याय नव्हे काय?

राजकारणातही याच काळात हलचल झाली. जुलै २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शहरातल्या पेरी बार मतदारसंघात अपक्ष अयुब खान यांनी मजूर पक्षाच्या जुन्या खासदाराचा ५०७ मतांनी पराभव केला. यार्डलीमध्ये मजूर पक्ष जेमतेम ६९३ मतांनी वाचला. गाझामधल्या युद्धाचा राग त्यामागे मोठा होता. हा पक्ष आपलाच, ही जुनी सवय मोडली हे मात्र खरे. सवय मोडली हे चांगलेच झाले. पण खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून कपाटातली वही आपोआप उघडत नाही. महापालिकेत १०१ सदस्य असतात. त्यांच्यात आपल्या समाजाचे किती, हे मोजणे सोपे आहे. अंदाजपत्रकाची पाने उलटून प्रश्न विचारणारे किती, हे मोजायला कष्ट पडतात.

आपल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना विचारले होते, जास्त पगाराच्या विणकर खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव का नाही? मालकाविरुद्ध एकजूट हवी असेल तर कामगारांतल्या अन्यायाचेही उत्तर द्या, असा तो रोख होता. आपल्या राज्यघटनेच्या ३९ व्या कलमातही स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याचे धोरण म्हणून लिहिले आहे. बर्मिंगहॅमने दाखवून दिले की जो अन्याय संघटना आपल्या घरात राहू देते, तो एक दिवस मालकाच्या हातातली काठी होतो.

म्हणून आम्ही एवढेच सांगू. तुमच्या खात्यात, तुमच्या शाळेत, तुमच्या पालिकेत मागण्यांची यादी लिहिली जाईल तेव्हा तिच्यात झाडणाऱ्या आणि रांधणाऱ्या बाईचा पगार पहिल्या पानावर लिहा, शेवटच्या नाही. कंत्राटावरची असेल तर तिचे नाव आधी लिहा. आणि मत मागायला कोणी दारात आला, मग तो आपल्या समाजाचा असो की परका, निळा झेंडा घेऊन येवो की लाल, त्याला पाणी द्या, बसायला सांगा, आणि विचारा: पालिकेवर कोणाचे किती देणे आहे, आणि ते तुम्ही कधी फेडणार? उत्तर आले नाही तर समजा की ते देणे पुढे तुमच्याच दारात, ढीग होऊन येणार आहे.