पुरुषांचे टक्कल : औषध आहे, पण तेलाच्या बाटलीत नाही

मोबाइलवर शाम्पूची जाहिरात लागली की पडद्याच्या अगदी तळाशी बघा. ‘केसगळती कमी’ या ठसठशीत ओळीखाली, सहज वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत अनेकदा लिहिलेले असते : केस तुटल्यामुळे होणारी गळती. म्हणजे विंचरताना मधेच तुटणारा केस. पंचविशीतल्या मुलाच्या कपाळाच्या दोन्ही बाजू मागे सरकू लागतात, त्याबद्दल जाहिरातीने काहीच कबूल केलेले नसते. तो मात्र बाटली घेतो, ती संपली की दुसरी घेतो.

तसे कबूल करण्याची सोयही नाही. आपल्याकडच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांना ‘शेड्यूल जे’ नावाची एक यादी जोडलेली आहे. या यादीतले विकार बरे करतो किंवा टाळतो असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्यात टक्कल आहे. म्हणून जाहिरात ‘टक्कल’ हा शब्द टाळते, ‘मुळांना पोषण’ म्हणते आणि उरलेले अर्थ ग्राहकाने लावायचे असतात. यात पैसे जातात हे खरेच. पण माझ्या मते मोठे नुकसान वेळेचे होते. ते का, हे समजायला गळतीचे प्रकार वेगळे करावे लागतील.

केस का जातात?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर जाणे नैसर्गिक असते. टायफॉइड, डेंग्यू, करोना, मोठे ऑपरेशन किंवा उपासमारीच्या ‘डाएट’नंतर दोन-तीन महिन्यांनी केस अचानक मूठभर येऊ लागतात. माणूस घाबरतो, पण कारण दूर झाले की बहुतेकदा हे केस आपोआप परततात. (याच काळात जे तेल चालू असते, त्याला सगळे श्रेय मिळते!) गोल चकती पडते ती चाई, तिचे उपचार निराळे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत डोकी रिकामी झाली, तेव्हा ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पसरले होते. तपासात संशयाचा रोख शरीरातल्या जास्त झालेल्या सेलेनियमकडे गेला. तेही वेगळे प्रकरण.

पुरुषांचे नेहमीचे टक्कल यातले कशातच बसत नाही. त्यात केस ‘गळतात’ म्हणण्यापेक्षा दर फेरीला बारीक होतात. शरीरातले टेस्टोस्टेरॉन एका विकरामुळे डीएचटी नावाच्या संप्रेरकात बदलते. कपाळ आणि टाळूवरची मुळे ज्यांच्यात आनुवंशिकतेने संवेदनशील असतात, त्यांच्यात डीएचटीमुळे मूळ आक्रसत जाते. जाड केसाची लव होते आणि शेवटी तीही उगवत नाही. कानामागचे आणि मानेवरचे केस मात्र टिकतात. ‘आईच्या वडिलांना टक्कल असेल तरच’ हा समज अर्धाच खरा आहे. जनुके दोन्ही घराण्यांकडून येतात. हेल्मेट, बोअरचे पाणी, रात्रीचे जागरण यांना दोष देऊन या टकलाचा उलगडा होत नाही.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवले होते, की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे काही मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत आणि वयात आल्यावर पुरुष म्हणून ओळखू येत. त्यांच्यात डीएचटी बनवणारे विकरच कमी होते. प्रौढपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. ते विकर अडवणारे औषध शोधण्याची दिशा यातून मिळाली. त्या औषधाचे नाव फिनास्टेराइड.

औषधे काय करतात?

टकलावर भक्कम पुरावा असलेली औषधे मुख्यतः दोन. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले आणि त्यातून डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पहिले काही आठवडे ते लावल्यावर केस उलट जास्त गळतात, कारण जुने केस नव्यांना जागा देतात. हे कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून पुष्कळजण तिसऱ्या आठवड्यातच बाटली फेकतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात आणि लावणे थांबवले की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. घरात मांजर असेल तर जपा, मांजरांसाठी हे औषध जीवघेणे आहे.

फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅम गोळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. दोन वर्षांच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्या ७२ टक्के पुरुषांचे केस आणखी कमी झाले, खरी गोळी घेणाऱ्यांत १७ टक्क्यांचे. टक्कल रोखण्यात ही गोळी एवढी उपयोगी आहे. मात्र तिच्याबद्दल दोन टोकांची बडबड चालते. ‘नपुंसक करते’ हे एक टोक, ‘काहीच होत नाही’ हे दुसरे. पहिल्या वर्षाच्या आकड्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के होत्या, खोट्या गोळीवर २.१ टक्के. यात भीतीचा वाटाही असतो : प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅम देताना केलेल्या एका इटालियन अभ्यासात, ज्यांना दुष्परिणाम आधी सांगितले त्यांच्यात तक्रारी जवळपास तिप्पट निघाल्या. पण सगळे मनाचे खेळ म्हणून सोडूनही देता येत नाही. काहींनी गोळी थांबवल्यावरही त्रास राहिल्याचे नोंदवले आहे. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. नैराश्याचा इतिहास असलेल्या तरुणाने ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून, चिठ्ठीशिवाय घेणे म्हणूनच धोक्याचे. गर्भवती पत्नीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पन्नाशीपुढच्यांनी प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना डॉक्टरांना सांगावे, कारण गोळीने तो आकडा सुमारे निम्म्यावर येतो.

आता वेळेचा मुद्दा. दोन्ही औषधे आक्रसणाऱ्या मुळाला धरून ठेवतात, मेलेल्याला उठवत नाहीत. कपाळ मागे सरकू लागले तेव्हाच त्वचारोगतज्ज्ञ गाठला, तर वाचवण्यासारखे बरेच असते. आपल्याकडे क्रम उलटा. आधी माका-जास्वंद, मग कांद्याचा रस, मग बायोटिनच्या गोळ्या, मग इन्फ्लुएन्सरचे सीरम. यात चार-पाच वर्षे जातात. तेलही गेले, तूपही गेले, म्हणतात ते इथे शब्दशः लागू. मग स्थळे बघायला सुरुवात होते, बायोडेटावर ट्रेकिंगची टोपी घातलेला फोटो लागतो आणि डिसेंबरातल्या लग्नासाठी ऑगस्टमध्ये हेअर ट्रान्सप्लांटचे हप्ते ठरतात. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून मग पुन्हा उगवतात आणि नीट दिसायला नऊ-बारा महिने लागतात, हे त्या घाईत कोणी विचारत नाही.

सुरी कोणाच्या हातात?

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस जन्माला येत नाहीत, मानेवरचे कपाळावर येतात. साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी तो खर्च केला आणि मागचे टक्कल पुढे वाढत राहिले, तर कपाळावर केसांचे बेट उरते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ही शस्त्रक्रिया आहे. २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा तिच्यानंतर मृत्यू झाला. २०२५ मध्ये कानपूरमधली दोन अभियंत्यांच्या मृत्यूची प्रकरणे पुढे आली, आरोप एका दंतवैद्यावर होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले होते, की यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहणे हे या शस्त्रक्रियेचे पुरेसे प्रशिक्षण नाही.

तरी जिम आणि मोबाइल दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लिनिके उघडतातच. महाराष्ट्राच्या आरोग्य यंत्रणेने आधी एवढे तरी करावे : अशा प्रत्येक क्लिनिकच्या दारावर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव, पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायला भाग पाडावे. आणि ग्राहकाने आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. भूल कोण देणार, पहिला छेद कोण घेणार आणि मध्येच रक्तदाब कोसळला तर कोणत्या रुग्णालयात नेणार. तिसऱ्या प्रश्नावर रिसेप्शनवरची मुलगी ‘सर, तसे काही होत नाही’ म्हणाली, तर तिथून सरळ घरी यावे.