दातांचा घसारा



दिवाळीच्या सुट्टीत नातू माझ्याजवळ झोपायला होता. सकाळी उठून त्यानं सुनेला सांगितलं, "आई, आजी रात्री खडीसाखर खाते. कडकड आवाज येतो." ज्या घरात सूर्य मावळल्यावर मी पाण्याचा घोटही घेत नाही, त्या घरात माझ्यावर हा आरोप! सगळे हसले. मीही हसले. पण हसताना डावा जबडा कानापर्यंत ठणकला, आणि लेकरू खोटं बोलत नाही हे मला कळलं.

वर्षभर सकाळी उठताना कानशिलं जड असायची. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नवा चष्मा केला. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी कान स्वच्छ आहे म्हणून परत पाठवलं. मग एक दिवस मऊ ज्वारीची भाकरी खाताना दाढेत भरलेलं सिमेंट निघून हातात आलं. तरी दाताचं नाव मनात आलं नाही. आपल्याकडे रात्री दात खाल्ले की पोटात जंत झाले म्हणायचे, आणि माझी आई वावडिंगाचा काढा पाजायची. चौसष्टाव्या वर्षी कुठले आलेत जंत?

दातांच्या डॉक्टर माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी आरसा माझ्या हातात देऊन सगळं दाखवलं. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेले, गालाच्या आतून पांढरी रेघ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. म्हणाल्या, "काकू, तुम्ही झोपेत दात आवळता. तुमच्या मापाचा नाइट गार्ड करून घ्या."

किंमत ऐकली, साडेतीन हजार, आणि मी नेहमीचं वाक्य बोलले : "बघू, घरी विचारून सांगते." मिक्सर बिघडला तेव्हा मी कोणाला विचारलं नव्हतं. नातवाच्या दातांच्या तारेचे पैसे भरताना विचारलं नव्हतं. स्वतःच्या तोंडात घालायची वस्तू म्हटल्यावर मात्र मला घर आठवलं. म्हणून माझं मत आधीच सांगते. सकाळी जबडा धरत असेल, दाढा झिजत असतील आणि डॉक्टरांनी गार्ड सुचवला असेल, तर तो करून घ्यावा. लाजू नये, लांबणीवर टाकू नये.

मी बी.कॉम. आहे. हिशेबाच्या वहीत एक शब्द असतो, घसारा. यंत्र वापरलं की झिजतं, म्हणून दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी लिहायची आणि नव्या यंत्रासाठी पैसे बाजूला ठेवायचे. दातांचाही घसारा होतो, पण तिथे नव्या यंत्राची सोय नाही. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, एनॅमल एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. निघालेल्या त्या एका दाढेच्या रूट कॅनलला आणि टोपीला मला नऊ हजार लागले. साडेतीन हजार वाचवून नऊ हजार घालवणाऱ्या बाईला वाणिज्यच्या परीक्षेत कोणी पास केलं नसतं.

पैशापेक्षा अवघड होती ती लाज. मंदिरातल्या महिला मंडळात मी सहज बोलून गेले, तर एक ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं स्वाध्याय करता, आणि रात्री दात खाता?" चेष्टेनंच म्हणाल्या, पण बाण लागला. आपल्या भाषेत दात खाणं म्हणजे चरफडणं. म्हणजे दिवसा मी शांत आणि रात्री माझे कषाय उघडे पडतात, असा त्याचा अर्थ झाला.

डॉक्टरांना मी हे विचारलं. त्यांनी समजावलं की झोपेतलं दात आवळणं केवळ मनाच्या ताणानं होत नाही. झोप मधूनच क्षणभर हलकी होते, तेव्हा जबड्याचे स्नायू आपोआप कामाला लागतात. काही घराण्यांत ते चालत येतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी होतं. (त्या गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगायचं.) चहा-कॉफी, तंबाखू, दारू यांनी वाढतं. संध्याकाळनंतर चहा नाही हा आपला नियम इथे कामी येतो. आणि जिला जोरात घोरण्याची सवय आहे, झोपेत श्वास अडकून जाग येते, तिनं ते गार्ड करायच्या आधी सांगायलाच हवं. कारण तो झोपेतल्या श्वासाचा आजार असू शकतो, आणि त्याचा इलाज वेगळा. तेव्हा कोणाच्या दातांवरून तिच्या धर्माची परीक्षा करू नका. झोपेत जे घडतं त्याचा जाब तिला विचारू नये.

आता गार्डविषयी. बाजारात गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड मिळतात. मी आधी तोच मागवला, पैसे वाचतील म्हणून. तो जाड होता, रात्री सुटून जिभेवर यायचा आणि उमासा आणायचा. तिसऱ्या रात्री तो कपाटात गेला. मापाचा गार्ड वेगळा. वरच्या आणि खालच्या दातांचं माप घेतात, प्लास्टरचे दात तयार होतात, आणि प्रयोगशाळेत त्यावर पारदर्शक कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड बनतो. तो बसवताना डॉक्टर निळा कागद चावायला देतात. जिथे डाग जास्त उमटतो तिथे घासतात, म्हणजे सगळ्या दातांवर भार सारखा येतो. त्यांनी चार वेळा घासला. हे काम घाईत उरकू देऊ नका, सगळे दात झाकले जातात ना तेही बघा.

खर्च जड वाटत असेल तर आपल्या विष्णुपुरीजवळ पांगरीला दंत महाविद्यालय आहे, लातूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण चौकशी जरूर करावी.

आता आपल्या घरातले प्रश्न, जे डॉक्टरांना विचारायला आपण लाजतो.

पहिला, रात्री तोंडात वस्तू ठेवली तर त्याग मोडतो का? आपला त्याग खाद्य, स्वाद्य, लेह्य आणि पेय या चार प्रकारच्या आहाराचा. गार्डला चव नाही, तो विरघळत नाही, गिळायचा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो आहार नाही. शंका असेल तर महाराजांना किंवा माताजींना विचारावं. मी मात्र तो सकाळीच धुऊन, कोरडा करून ठेवते. रात्री कोरडाच घालते, म्हणजे पाण्याचा थेंबही नको.

दुसरा, मापाचा लगदा. बहुतेक ठिकाणी जी पावडर पाण्यात कालवतात ती समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निगोद येतो. ते आपण खात नाही हे खरं, पण माझं मन खात होतं. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "काकू, सिलिकॉननं घेऊ." थोडे पैसे जास्त पडले, मन स्वस्थ राहिलं. विचारलं म्हणून कोणी हसलं नाही. आणि माप द्यायला उपवासाच्या दिवशी जाऊ नका, आधी किंवा नंतर जा.

तिसरी गोष्ट मी चूक करून शिकले. आपल्या घरी प्रासुक पाणी, सकाळी उकळून ठेवलेलं. नव्या नवलाईत मी पातेल्यातलं वाफाळतं पाणी गार्डवर ओतलं. जीवजंतू राहू नयेत हा हेतू, पण गार्ड वाकडा झाला. दातांवर बसेना. दुसरा करावा लागला, आणि तो खर्च माझ्या धांदरटपणाच्या खाती. तेव्हा पाणी गाळलेलं असो की उकळलेलं, पूर्ण गार झालेलं हवं. मऊ ब्रश, साधा साबण. टूथपेस्टनं चरे पडतात. मग पुसून, वारा लागेल अशा डबीत कोरडा ठेवायचा. ओला बंद करून ठेवला तर त्यावर जीवोत्पत्ती होणार आणि ती आपल्याच तोंडात जाणार. कोरडा ठेवणं ही इथली अहिंसा.

पहिल्या रात्री लाळ सुटली, बोबडी वळली. गार्ड घालून णमोकार म्हणायला गेले तर शब्द असे काही निघाले की ह्यांनी चादरीत तोंड लपवून हसून घेतलं. आता आधी णमोकार, मग गार्ड. दहा-बारा रात्रींत सवय झाली. सकाळची कानशिलं हलकी झाली.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली होती. गार्ड दात वाचवतो, आवळणं थांबवत नाही. आणि दिवसा आपण आवळतो ते आपल्याच हातात असतं. त्यांनी युक्ती दिली : घरात टिकल्या चिकटवा. फ्रिजवर, मिक्सरवर, फोनवर. टिकली दिसली की बघायचं, दात एकमेकांना लागलेत का? ओठ मिटलेले, दात सुटे, असा जबडा विश्रांतीत असतो.

हे मी माझ्या श्वेतांबर मैत्रिणीला सांगितलं, तर तिनं आचार्य हेमचंद्रांचं 'योगशास्त्र' काढून दाखवलं. ध्यानाला कसं बसावं हे सांगताना त्यात ओठ मिटलेले असावेत आणि दात दातांना लागू नयेत असं म्हटलं आहे. ग्रंथ १२व्या शतकातला. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मला फी कशाला दिलीत?"

त्या टिकल्यांनी माझं पितळ उघडं पाडलं. भाजी चिरताना दात आवळलेले, हे समजू शकते. पण फोनवर जाऊबाईंचं नाव आलं की वाजायच्या आतच आवळलेले. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मी केलं, आणि नंतर चार बायकांत जाऊबाई म्हणाल्या की सासूबाईंच्या पाटल्या मी ठेवून घेतल्या. त्या पाटल्या त्यांच्या औषधपाण्यात गेल्या, हिशेब माझ्या वहीत आहे. आठ वर्षं झाली. मी उलटून एक शब्द बोलले नाही, आणि याला मी संयम म्हणत होते. दरवर्षी दशलक्षण पर्वात उत्तम क्षमेचं प्रवचन ऐकायचे, क्षमावाणीला हात जोडायचे, आणि हात जोडताना दातही जोडलेले असणार.

स्वाध्यायात आपण उपशम आणि क्षय यांतला फरक शिकलोय. गढूळ पाण्याचा गाळ तळाशी बसला की पाणी नितळ दिसतं, पण गाळ आहे तिथेच असतो. म्हणून तर अकराव्या गुणस्थानापर्यंत चढलेला जीवही तिथून खाली येतो. मग आपण संसारी बायका कुठे! राग गिळला म्हणजे क्षमा झाली, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं, आणि मला ते आता पटत नाही. आपण धरणाजवळच्या बायका. गोदावरीला पूर आला की विष्णुपुरीचे दरवाजे उघडतात, मोजून उघडतात. दरवाजे गच्च मिटून कुठलं धरण वाचलंय?

यंदा क्षमावाणीच्या आधी मी वही घेऊन जाऊबाईंकडे गेले. आवाज चढू दिला नाही. सांगितलं, "तुम्ही बोललात ते मला लागलं होतं. हा हिशेब बघा, आणि मग आपण एकमेकींची क्षमा मागू." त्यांनी वही पाहिली नाही. डोळ्यांत पाणी आलं, चहा टाकला, पाटल्यांचा विषय काढला नाही. अर्धं काम झालं म्हणायचं. पण आठ वर्षं जे जबड्यात धरलं होतं ते तोंडातून एकदा बाहेर पडलं.

परवा तपासणीला गेले. गार्डवर चरे आहेत, म्हणजे दात अजून आवळतेच. डॉक्टर म्हणाल्या, "काकू, हे चरे तुमच्या दातांवर पडले असते." गार्ड परत डबीत ठेवला आणि घरी आले.

तुमच्यापैकी कोणाची कानशिलं सकाळी जड असतील, तर आज दुपारी, घरातली कामं उरकायच्या आधी, फोन करून दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. घरी नंतर सांगितलं तरी चालतं.

जय जिनेंद्र.